ब्लड मून आधी की अर्बोर्ग? दोन कार्डे एकमेकांवर उलटली तर निवाडा कसा करायचा?

बदाम_सत्ती

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमच्या घरी दर दुसऱ्या शनिवारी सहा-सात जण 'मॅजिक : द गॅदरिंग' खेळायला जमतात. गेल्या खेपेला एका डावात असा पेच पडला की पाऊण तास नुसती वादावादी झाली, चहा दोनदा गरम करावा लागला आणि अखेर डाव अर्धवट सोडून सगळे उठले. तो पेच इथे मांडतो आहे. जाणकारांनी निवाडा करावा, ही विनंती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. खेळाडू जमिनीची कार्डे मांडतो, त्यांतून निरनिराळ्या रंगांचा माना (कार्डे खेळायला लागणारी शक्ती) काढतो आणि तो खर्चून बाकीची कार्डे खेळतो. स्वॅम्पमधून काळा माना निघतो, माउंटनमधून लाल, फॉरेस्टमधून हिरवा. अशा साध्या जमिनींना 'बेसिक' म्हणतात.

माझ्या मित्राने 'अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ' ही जमीन मांडलेली होती. तिच्यावर लिहिले आहे की प्रत्येक जमीन, तिचे जे काही प्रकार असतील त्यांखेरीज, स्वॅम्पसुद्धा आहे. त्यामुळे त्याची साधी फॉरेस्टही काळा माना देत होती. मग मी 'ब्लड मून' खेळलो. त्यावर एवढेच लिहिले आहे की बेसिक नसलेल्या जमिनी माउंटन आहेत. अर्बोर्ग ही बेसिक जमीन नाही, तेव्हा माझ्या मते ती आता नुसती माउंटन झाली आणि तिच्यावरचा मजकूर गेला. मित्राचे म्हणणे असे की अर्बोर्ग कितीतरी आधी आलेली होती, सगळ्या जमिनी तेव्हाच स्वॅम्प होऊन बसल्या होत्या, आणि फॉरेस्ट बेसिक असल्यामुळे तिचे स्वॅम्पपण काढून घ्यायचा ब्लड मूनला अधिकारच नाही. एवढ्यावर न थांबता त्याने मलाच विचारले, "बरं, ब्लड मून आधी आणि अर्बोर्ग नंतर आली असती, तर?" यावर मी गप्प बसलो.

तर माझे प्रश्न दोन. या दोन कार्डांचा खरा निकाल काय, आणि घरच्या खेळात पंच नसताना असे तंटे तुम्ही कसे मिटवता?

डोंगरी_मशाल

सोपे आहे. या खेळात दोन परिणामांचा झगडा झाला की जो नंतर आला तो जिंकतो. याला टाइमस्टॅम्प म्हणतात. तुमच्या डावात ब्लड मून नंतर आला, म्हणून तुमचे बरोबर. अर्बोर्ग नंतर आली असती तर तुमच्या मित्राचे बरोबर ठरले असते आणि सगळ्या जमिनी स्वॅम्प झाल्या असत्या. पाऊण तास वाद घालण्यासारखे यात काही नाही.

झब्बूबहाद्दर

आमच्याकडे झब्बूत असा वाद झाला की ज्याचे घर त्याचा नियम. आणि पत्तेही त्याचेच असले तर अपील नाही.

थरकरी

डोंगरी_मशाल, तुमच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग योगायोगाने बरोबर आहे आणि दुसरा अर्धा साफ चूक आहे. या जोडीत कोण आधी आले याला काहीच किंमत नाही. दोन्ही क्रमांत ब्लड मूनच जिंकतो. अर्बोर्ग नंतर आली तरी ती मुकी माउंटन म्हणूनच येते.

कारण नीट सांगायला हवे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पटावर सतत चालू असणारे जे परिणाम असतात ते सात थरांत लावले जातात (नियम ६१३). पहिला थर नक्कल करणाऱ्या परिणामांचा, दुसरा ताब्याचा, तिसरा मजकूर बदलणाऱ्यांचा, चौथा प्रकार बदलणाऱ्यांचा, पाचवा रंगाचा, सहावा क्षमता देणाऱ्या वा काढून घेणाऱ्यांचा आणि सातवा प्राण्यांच्या बळाचा. झगडणारे दोन परिणाम वेगवेगळ्या थरांत असले तर आधीचा थर आधी लागतो, मग कार्डे कोणत्याही क्रमाने आलेली असोत. ब्लड मून आणि अर्बोर्ग दोघेही जमिनीचा प्रकार बदलतात, म्हणजे दोघेही चौथ्या थरात आहेत, म्हणून इथे थरांनी निकाल लागत नाही.

एकाच थरात दोन परिणाम असले तर सर्वसाधारणपणे टाइमस्टॅम्प बघतात, इथवर तुमचे खरे. परंतु टाइमस्टॅम्पच्या आधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, तो म्हणजे अवलंबित्वाचा. एक परिणाम आधी लावल्यामुळे दुसऱ्याचे अस्तित्वच बदलत असेल, किंवा तो कशाला लागू होतो अथवा काय करतो हे बदलत असेल, तर दुसरा पहिल्यावर अवलंबून आहे असे म्हणतात, आणि अवलंबून असणाऱ्याने थांबायचे असते. आता पडताळून पाहा. अर्बोर्ग आधी लावली तर ब्लड मूनचे काही बदलते का? नाही, बेसिक नसलेल्या जमिनी तेवढ्याच राहतात आणि त्या माउंटनच व्हायच्या असतात. ब्लड मून आधी लावला तर अर्बोर्गचे काही बदलते का? सगळेच बदलते, कारण तिचा मजकूरच उरत नाही. म्हणजे अर्बोर्ग ब्लड मूनवर अवलंबून आहे आणि उलट नाही. ब्लड मून आधी लागतो, अर्बोर्ग मुकी होते, आणि मित्राची फॉरेस्ट पुन्हा फक्त फॉरेस्ट राहते.

बदाम_सत्ती

थरकरी, मनापासून आभार, पण एक गोष्ट अडली. क्षमता काढून घेणे हा सहावा थर आहे असे तुम्हीच लिहिले आहे. मग अर्बोर्गची क्षमता चौथ्या थरातच कशी जाते? ती सहाव्यात जात असेल तर तोवर तिने चौथ्या थरात सगळ्या जमिनी स्वॅम्प करून टाकलेल्या असतील. माझा मित्र नेमके हेच विचारणार, हे मी आत्ताच सांगतो.

थरकरी

तुमचा मित्र चांगला खेळाडू दिसतो. याचे उत्तर जमिनींच्या नियमात आहे (३०५.७). एखाद्या परिणामाने जमिनीला बेसिक प्रकार नेमून दिला, आणि 'आहे त्याशिवाय' असे म्हटले नाही, तर तिचे जुने जमीन-प्रकार आणि तिच्या मजकुरातून आलेल्या क्षमता त्या नेमणुकीबरोबरच जातात. ब्लड मूनवर 'क्षमता गमावतात' असे कुठेही लिहिलेले नाही. क्षमता जाणे हा प्रकार नेमण्याचाच भाग आहे, त्यामुळे तेही चौथ्या थरातच घडते.

आणि तुमच्या मित्राच्या 'आधीच होऊन बसल्या होत्या' या युक्तिवादाबद्दल: खेळात काहीच होऊन बसत नाही. दर क्षणी पाटी पुसून, प्रत्येक कार्डावर जे छापले आहे तिथपासून सुरुवात करून, सगळे थर नव्याने रचले जातात. काल अर्बोर्गने काय केले होते याची खेळाला आठवण नसते.

झब्बूबहाद्दर

सात थर म्हटल्यावर मला वाटले ठाण्याची दहीहंडी चालली आहे. ब्लड मून खालच्या थरात खांद्याला खांदा लावून उभा आणि अर्बोर्ग त्याच्या पाठीवर पाय ठेवू बघते आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आले.

डोंगरी_मशाल

मान्य, चुकलो. गेली सहा वर्षे मी हे चुकीचे सांगत आलो आहे, आणि ज्यांना सांगितले त्यांतले दोघे हा धागा वाचत असणार, हे त्याहून वाईट. पण तक्रार अशी की कार्डावर चार शब्द छापायचे आणि त्यांचा अर्थ लावायला जवळजवळ तीनशे पानांचे नियमपुस्तक ठेवायचे, हा न्याय नव्हे. कार्ड वाचून कळले पाहिजे.

निळं_बेट

कार्ड वाचून कळते हे बहुतेक वेळा खरे आहे, आणि नियमपुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितले आहे की कार्ड आणि नियम यांत विरोध आला तर कार्डाचे ऐकावे. त्याला लागूनच दुसरे तत्त्व आहे: एक कार्ड 'करता येईल' म्हणत असेल आणि दुसरे 'करता येणार नाही' म्हणत असेल, तर नकार जिंकतो. 'प्लॅटिनम एंजल' पटावर असताना तुम्ही हरूच शकत नाही. जीव शून्यावर जाऊ द्या की उणे वीसवर. मात्र कोणी ती परी मारली की कोण मेले, कोण हरले याच्या पुढच्याच तपासणीत तुम्ही गेलात. एवढ्या दोन तत्त्वांवर घरगुती तंट्यांतले निम्मे तरी मिटतात, असा माझा अनुभव आहे.

ब्लड मूनबद्दल एक पुरवणी, कारण हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या जमिनी आडव्या, म्हणजे टॅप होऊन, पटावर येतात, त्या ब्लड मून असताना उभ्या येतात. पटावर आल्यावर त्यांचे रूप काय असणार हे आधी पाहिले जाते, आणि ते रूप माउंटनचे असल्यामुळे 'आडवी येते' हा मजकूर लागू व्हायच्या आधीच गेलेला असतो. तेव्हा ब्लड मूनचा त्रास होत असला तरी एवढा फायदा पदरात पाडून घ्यावा.

नवा_भिडू

मी तीन महिन्यांपूर्वीच खेळायला लागलो आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास माफ करा. समोरच्याकडे 'टार्मोगॉइफ' हा प्राणी होता, २/३ चा, म्हणजे बळ दोन आणि टणकपणा (किती इजा झाली की मरतो तो आकडा) तीन. मी त्याला 'लायटनिंग बोल्ट' मारला, ज्याने तीन इजा होते. तीन इजा, तीनचा टणकपणा, म्हणजे प्राणी मेला. समोरचा म्हणाला की मेला नाही. वयाने मोठा होता म्हणून मी ऐकून घेतले. त्याने मला फसवले का?

थरकरी

फसवले नाही. टार्मोगॉइफचे बळ सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या वा मेलेल्या कार्डांच्या ढिगात) मिळून किती प्रकारची कार्डे आहेत त्यावर ठरते, आणि टणकपणा त्याहून एक जास्त असतो. २/३ होता, म्हणजे दोन प्रकार पडलेले होते. समजा, प्राणी आणि जमीन. तुमचा बोल्ट हा इन्स्टंट या प्रकारचा मंत्र आहे. तो आधी तीन इजा करतो आणि त्याचे काम संपताना शेवटची पायरी म्हणून स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जाऊन पडतो. कोण मेले, कोण हरले ही तपासणी त्यानंतर होते. तपासणीच्या वेळी ग्रेव्हयार्डमध्ये तीन प्रकार झालेले असतात, टार्मोगॉइफ ३/४ झालेला असतो, आणि तीन इजा अंगावर वागवत तो जगतो.

मात्र तिथे आधीपासून एखादा इन्स्टंट पडलेला असता, तर तुमच्या बोल्टने प्रकारांत काहीच भर पडली नसती आणि तो मेला असता. म्हणून पुढच्या वेळी बोल्ट मारण्याआधी ग्रेव्हयार्ड उलगडून पाहा. ती कार्डे उघडी असतात, विचारायला लाजू नका.

नवा_भिडू

इन्स्टंट आधीच पडलेला होता! मीच दोन फेऱ्यांपूर्वी एक खेळलो होतो!

झब्बूबहाद्दर

वयाने मोठा होता ना, मग जाऊ द्या.

सनीवेलकर

मी १९९७ पासून खेळतो आहे, आधी दादरला आणि आता गेली वीस वर्षे कॅलिफोर्नियात. थर वगैरे ठीक आहे, पण तरुण मंडळींना ठाऊक नसेल की उत्तर बरोबर असणे पुरेसे नाही, ते कोणत्या साली बरोबर होते हेही पाहावे लागते. १९९९ मध्ये खेळाची सिक्स्थ एडिशन आली आणि तिच्याबरोबर खेळलेले मंत्र व क्षमता रचून ठेवायचा स्टॅक आला, म्हणजे आपली भाकऱ्यांची चवड. सर्वांत शेवटी ठेवलेली सर्वांत आधी उचलायची. त्या काळी लढाईतली इजासुद्धा चवडीवर ठेवली जाई. 'मॉग फॅनॅटिक' हा १/१ गॉब्लिन समोरच्याला अडवायला उभा करायचा, इजा चवडीवर चढली की त्याचा बळी देऊन आणखी एक इजा करायची. एकाच मरणात दोनदा मारून जाणारा असा तो चिवट प्राणी होता. २००९ च्या उन्हाळ्यात नियम बदलले, इजा चवडीवरून उतरली, आणि फॅनॅटिकचे निम्मे आयुष्य गेले. न वापरलेला माना अंगावर भाजण्याचा नियमही त्याच वेळी गेला. आता २०२४ च्या अखेरीस 'फाउंडेशन्स' हा कार्डांचा संच आला तेव्हा अडवणाऱ्यांना ओळीत उभे करण्याची पद्धतही काढून टाकली.

माझे म्हणणे असे की घरी तंटा झाला तर बहुधा दोघेही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या सालांत. आमच्याकडे एक जण अजून २००८ मध्ये राहतो.

हुकूमशहा

सगळे मॅजिकबद्दलच बोलत आहेत, म्हणून यू-गी-ओ हा दुसरा कार्डांचा खेळ खेळणाऱ्यांचे दुःख मांडतो. तुमच्याकडे थर आहेत, आमच्याकडे विरामचिन्हे आहेत. २०११ पासून आमच्या कार्डांचा मजकूर ठरावीक साच्यात लिहिला जातो. अपूर्णविरामाच्या आधी जे आहे ती अट, अर्धविरामाच्या आधी जे आहे ते परिणाम सुरू करतानाच करायचे, म्हणजे बहुधा मोजायची किंमत, आणि त्यानंतरचा तो परिणाम. एक टिंब चुकून वाचायचे राहिले की डाव गेला.

त्याहून वाईट म्हणजे 'जेव्हा' आणि 'जर'. 'जेव्हा हे कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये जाईल, तेव्हा तुम्ही अमुक करू शकता' असे लिहिले असेल, तर ते जाणे ही अगदी शेवटची घडलेली गोष्ट असावी लागते. दुसऱ्या प्राण्याला बोलावण्यासाठी त्याचा बळी दिला, तर शेवटची गोष्ट ते बोलावणे ठरते आणि तुमची वेळ हुकते. 'जर हे कार्ड जाईल, तर' असे लिहिले असेल तर वेळ हुकत नाही. मराठीत आपण 'जेव्हा-तेव्हा' आणि 'जर-तर' बोलण्याच्या ओघात बिनदिक्कत अदलाबदल करतो, पण आमच्या पटावर त्या एका शब्दापायी मी एकदा अंतिम फेरी घालवली आहे.

निळं_बेट

हुकूमशहा, शब्दांचा तोच खेळ आमच्याकडेही आहे. २००७ च्या 'ऑब्लिव्हियन रिंग'मध्ये दोन स्वतंत्र वाक्ये आहेत: ती आली की पटावरचे जमीन नसलेले दुसरे एक कार्ड हद्दपार, ती गेली की ते परत. आता पहिले वाक्य चवडीवर असतानाच कोणी रिंग उडवली, तर दुसरे वाक्य त्याच्या डोक्यावर चढते आणि आधी सुटते. त्या वेळी परत आणायला काहीच नसते. मग पहिले वाक्य सुटते, आणि हद्दपार झालेले कार्ड कायमचेच जाते. पुढे २०१४ च्या 'बॅनिशिंग लाइट'मध्ये 'ती जाईपर्यंत' असे एकच वाक्य केले आणि ती पळवाट बुजवली.

ऑब्लिव्हियन रिंगची आणखी एक गंमत. पटावर जमिनींखेरीज काहीच नाही, नुसत्या तीनच रिंगा आहेत, असे समजा. पहिली पटावर असताना दुसरी आली की तिला पहिलीच हद्दपार करावी लागते. तिसरी आली की ती दुसरीला घालवते, म्हणून पहिली परत येते. पहिली येते आणि तिसरीला घालवते, म्हणून दुसरी परत येते, आणि ती पहिलीला घालवते. हे कोणालाच थांबवता येत नाही, कारण कोणत्याही रिंगला 'नको' म्हणायची मुभा नाही. कोणाकडेच हा फेरा तोडणारे काही नसेल तर डाव बरोबरीत सुटतो.

बदाम_सत्ती

धागा भरकटत असला तरी मी मजेत वाचतो आहे. पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच. पंच नसताना काय करता?

डोंगरी_मशाल

नाणे उडवावे, डाव पुढे न्यावा आणि खरे उत्तर रात्री घरी जाऊन शोधावे. खेळ चालू राहणे महत्त्वाचे.

सनीवेलकर

अजिबात पटत नाही. नाण्याने लागलेला निकाल लोकांच्या डोक्यात नियम म्हणून बसतो. तुमचे सहा वर्षांचे टाइमस्टॅम्प असेच कुठल्यातरी नाण्यातून आले असावे. प्रत्येक कार्डाचा अधिकृत मजकूर आणि त्याखालचे खुलासे 'गॅदरर' या संकेतस्थळावर मिळतात, फोन प्रत्येकाच्या हातात असतो, आणि शोधायला दोन मिनिटे लागतात. स्पर्धेत हात वर करून पंचाला बोलावता येते आणि मुख्य पंचाचा शब्द अखेरचा असतो. घरी तो मान त्या अधिकृत मजकुराला द्यावा.

पिवळा_हत्ती

सगळेच पेच वेळेने किंवा थराने सुटत नाहीत, एवढे लक्षात असू द्यावे. माझ्याकडे 'डबलिंग सीझन' (परिणामाने ठेवले जाणारे काउंटर, म्हणजे कार्डावर ठेवायच्या खुणा, दुप्पट) आणि 'हार्डन्ड स्केल्स' (माझ्या प्राण्यावर येणाऱ्या +१/+१ काउंटरांत एकाची भर) अशी दोन्ही असतात. एखाद्या मंत्राने माझ्या प्राण्यावर एक काउंटर ठेवला, तर आधी भर आणि मग दुप्पट केल्यास चार होतात. आधी दुप्पट आणि मग भर घातल्यास तीन. कोणते कार्ड आधी आले याला इथे महत्त्व नाही. ज्याच्या प्राण्यावर परिणाम होतो आहे त्याने क्रम निवडायचा. मी चार निवडतो. समोरचा दरवेळी कुरकुरतो.

अनुवृत्ती

मी हा खेळ खेळत नाही. माझा मुलगा खेळतो आणि त्याने मला हा धागा दाखवला. मी संस्कृत व्याकरण शिकवते, आणि वाचताना मला सारखे वाटत राहिले की हे सगळे मी कुठेतरी वाचले आहे.

पाणिनीच्या अष्टाध्यायीतही हाच पेच आहे. जवळजवळ चार हजार सूत्रे, आणि एकाच शब्दावर दोन सूत्रे एकदम चालून आली तर कोणते लावायचे? पाणिनीने स्वतः सांगितले, 'विप्रतिषेधे परं कार्यम्' (१.४.२), म्हणजे तुल्यबळ सूत्रांचा विरोध आला तर नंतरचे लावावे. हा तुमचा टाइमस्टॅम्प. सामान्य नियमापेक्षा अपवाद बलवान, हे निळं_बेट यांनी सांगितलेले पहिले तत्त्व. आणि शेवटच्या तीन पादांसाठी 'पूर्वत्रासिद्धम्' (८.२.१) असे सूत्र आहे: पुढच्या सूत्राने जे केले ते मागच्या सूत्राच्या दृष्टीने झालेलेच नसते, म्हणजे 'असिद्ध' असते. थरांबद्दल थरकरी जे सांगत आहेत त्याला हे फार जवळचे वाटते.

थरकरी

अनुवृत्तीताई, प्रतिसाद वाचून खुर्चीतून उठून बसलो. एक शंका मात्र विचारतो. पाणिनीचे 'पर' म्हणजे पुस्तकात नंतर आलेले. सूत्रांचा क्रम कायमचा ठरलेला. आमचा टाइमस्टॅम्प मात्र त्या दिवशी पटावर नंतर आलेला. हे दोन्ही एकच कसे मानायचे?

अनुवृत्ती

बरोबर आहे, मी घाईत तुलना केली. तिथे स्थान पाहायचे, तुमच्याकडे वेळ. परंतु मूळ प्रश्नातल्या जोडीसाठी याहून नेमकी गोष्ट आहे, ती मी लिहायला हवी होती.

परंपरेत एक परिभाषा, म्हणजे सूत्रे कशी लावायची हे सांगणारा नियम, आहे: 'पूर्वपरनित्यान्तरङ्गापवादानामुत्तरोत्तरं बलीयः'. पूर्वापेक्षा पर बलवान, परापेक्षा नित्य, नित्यापेक्षा अन्तरङ्ग, आणि सर्वांहून अपवाद. यातले 'नित्य' पाहा. दुसरे सूत्र लावले किंवा न लावले, तरी जे लागू होतेच ते नित्य. दुसरे आधी लावले की ज्याला लागू व्हायला जागाच उरत नाही ते अनित्य. आता तुमची दोन कार्डे घ्या. अर्बोर्ग लावा वा न लावा, ब्लड मून लागतोच, म्हणून तो नित्य. ब्लड मून आधी लावला तर अर्बोर्ग उरतच नाही, म्हणून ती अनित्य. नित्य हे परापेक्षा बलवान, म्हणजे नंतर कोण आले हे विचारायचेच नाही. थरकरी यांनी 'अवलंबित्व' म्हणून जे समजावले ते हेच आहे.

या परिभाषांवरचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ, परिभाषेन्दुशेखर, काशीतल्या नागेशभट्टांचा, म्हणजे मराठी पंडिताचा. आणि त्याची इंग्रजी अनुवादासह आवृत्ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी काढली. तेव्हा ठाण्यातला तंटा मिटवायला फार दूर जावे लागले नाही.

झब्बूबहाद्दर

पुढच्या शनिवारी पंच म्हणून डेक्कन कॉलेजातून कोणाला तरी बोलवा.

सनीवेलकर

ताई, तुमच्या 'असिद्ध'साठी मी एक डाव सुचवतो. हा या खेळातला सर्वांत कुप्रसिद्ध पेच आहे. १९९७ चे 'ह्युमिलिटी' म्हणते की सर्व प्राणी सगळ्या क्षमता गमावतात आणि त्यांचे मूळ बळ १/१ होते. १९९९ चे 'ओपॅलेसन्स' म्हणते की, ऑरा (दुसऱ्या कार्डाला जोडायचा प्रकार) सोडून, इतर प्रत्येक एन्चांटमेंट (पटावर टिकून राहणारा मंत्र) प्राणीसुद्धा आहे आणि त्याचे मूळ बळ त्याच्या माना-किमतीइतके आहे. ह्युमिलिटी स्वतः एन्चांटमेंट आहे. म्हणजे ती प्राणी होते, मग स्वतःचीच क्षमता गमावते, मग क्षमता नाही म्हणून परत मिळते, मग पुन्हा गमावते. आम्ही १९९९ मध्ये यावर अक्षरशः ओरडून भांडलो आहोत.

थरांनी पाहिले तर चक्र नाहीच. चौथ्या थरात ओपॅलेसन्स ह्युमिलिटीला प्राणी करते. सहाव्या थरात ह्युमिलिटी सर्व प्राण्यांच्या क्षमता काढते, स्वतःचीही. सातव्यात बळ ठरते. आणि नियम असा की एखादा परिणाम एका थरात लागू व्हायला सुरुवात झाली की त्याचे उरलेले भाग पुढच्या थरांतही लागतात, मधल्या काळात ती क्षमता नाहीशी झालेली असली तरी. म्हणून सातव्या थरात ह्युमिलिटीचे '१/१' आणि ओपॅलेसन्सचे '४/४' दोन्ही उभे राहतात, आणि कोणी कोणावर अवलंबून नसल्यामुळे इथे खरोखरच टाइमस्टॅम्प लागतो. ह्युमिलिटी नंतर आली असेल तर ती १/१, ओपॅलेसन्स नंतर आले असेल तर ह्युमिलिटी ४/४. ओपॅलेसन्स स्वतः प्राणी होत नाही, कारण ते 'इतर' म्हणते.

अनुवृत्ती

आणि ओपॅलेसन्स दोन असतील तर?

सनीवेलकर

हा प्रश्न तुम्ही विचारलात की मुलाने? दोन असतील तर ती एकमेकांना चौथ्या थरात प्राणी करतात. सहाव्यात ह्युमिलिटी दोघांचीही क्षमता काढते, पण ती गेल्याचे चौथ्या थराला कळतच नाही, म्हणून ती प्राणीच राहतात. असिद्ध म्हणतात ते हेच ना?

अनुवृत्ती

हेच. आणि मुलाने विचारला.

डोंगरी_मशाल

'नंतरचा जिंकतो' हे निदान एका ठिकाणी तरी खरे निघाले, याचा मला अतिशय आनंद झाला आहे.

पिवळा_हत्ती

इतके खोलात गेलाच आहात तर सांगून ठेवतो: २०१९ साली तीन संशोधकांनी या खेळाच्या खऱ्याखुऱ्या कार्डांनी एक ट्युरिंग यंत्र, म्हणजे कोणतेही गणन करू शकणारा काल्पनिक संगणक, पटावर रचता येते हे सिद्ध केले. म्हणजे असे डाव आहेत की त्यांत पुढे कोण जिंकणार हे कोणत्याही ठरावीक रीतीने आधी सांगता येणारच नाही. प्रत्येक पायरीचा नियम अगदी स्पष्ट असतो, तरीही.

बदाम_सत्ती

काल आमचा शनिवार झाला. मी थरकरी आणि अनुवृत्तीताई यांचे प्रतिसाद छापून घेऊन गेलो होतो. मित्राने दोन्ही शांतपणे वाचले, 'सहाव्या थराचे काय' हे अपेक्षेप्रमाणे विचारले, आणि ३०५.७ ची ओळ दाखवल्यावर "ठीक आहे" एवढेच म्हणाला. आम्ही ठरवले की यापुढे तंटा झाला तर आधी गॅदरर उघडायचा, पाच मिनिटांत उत्तर सापडले नाही तर नाणे, आणि त्या रात्रीच खरे उत्तर शोधून सर्वांना कळवायचे. म्हणजे सनीवेलकर आणि डोंगरी_मशाल, दोघांचेही ऐकले.

त्यानंतर पहिल्याच डावात माझा ब्लड मून तिसऱ्या फेरीत उतरला. मित्राने काही न बोलता हातातले एक साधे, बेसिक स्वॅम्प पटावर ठेवले. मग पुढच्या फेरीत आणखी एक. गेल्या दोन आठवड्यांत त्याने अशी सहा घालून ठेवली होती.

झब्बूबहाद्दर

म्हणजे तुम्ही हरलात का?

बदाम_सत्ती

होय.